नखाएवढ्या पतंगामागे पाच दिवस

पहिला दिवस : पाडवा

पुण्याची गाडी सकाळी नागपूरला पोचली. सीताबर्डीवरून काटोल रोडची एसटी धरली. गोरेवाड्याची झाडी आणि मग फेटरी मागे पडलं तशी दोन्ही अंगांना वावरं लागली. पऱ्हाटी, मध्ये तुरीचे तास, अधूनमधून संत्र्याची बाग. पऱ्हाटीवर खालची बोंडं फुटून पांढरी झालेली, मधली अजून हिरवी, शेंड्याकडे फुलं आणि पात्या. या दिवसांत कापसाच्या एकाच झाडावर अशा तीन पिढ्या एकत्र नांदत असतात. ज्याच्यासाठी मी यंदा भाऊबीजेला तीन दिवस जास्तीची रजा घेऊन आलो होतो, त्या पतंगाला हेच तर हवं असतं.

आमच्या घरात ‘बोंडअळी’ हा शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलोय. माझ्या लहानपणी शिव्या खायची ती अमेरिकन बोंडअळी. गेल्या दहाएक वर्षांत घरोघरी जिचं नाव निघतं ती गुलाबी. तिला मी कितीदा तरी तळहातावर घेतलंय. पण अळी ही मधली अवस्था. तिचं पुढचं रूप, पंखांचं, अंडी घालणारं, एका वावरातून दुसऱ्या वावरात जाणारं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. पुण्याला गॅलरीत पांढरी चादर लावून रात्रीचे पतंग पाहायचा मला काही वर्षांपासून नाद आहे. वहीत कितीतरी जाती जमल्या. आणि ज्या पतंगानं आमच्या नात्यातल्या प्रत्येक घराचा हिशेब बिघडवला, तोच त्या वहीत नाही, हे यंदा पावसाळ्यात लक्षात आलं. तेव्हाच ताईला फोन करून सांगितलं, की या वेळी ओवाळणीबरोबर मला तुझं वावर पण पाहिजे.

ताईचं गाव कळमेश्वरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून दोनेक किलोमीटर आत. पोचलो तेव्हा गायगोधन चाललं होतं. शिंगं रंगवलेल्या, झुली घातलेल्या गाई, डफ वाजवत नाचणारे गोवारी, आणि दारात ओवाळायला ताट घेऊन उभ्या असलेल्या ताईच्या सासूबाई. त्यांना मी मावशी म्हणतो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून पहिला वेचा आटोपला होता. ओसरीत कापसाचा ढीग होता आणि त्यावर मांजर झोपलं होतं.

जेवताना मी विषय काढला. बोंडअळीचं पाखरू कोणी पाहिलंय का?

“अयी पाहिली, नुकसान पाहिलं,” भाऊजी म्हणाले. “पाखरू कोण पाहते, भाऊ?”

“ते रातचं असते ना बाप्पा,” मावशी म्हणाल्या. “दिवसा दिसलं असतं तं ठेचलंच असतं.”

मावशींचं हे वाक्य मला पाचही दिवस पुरलं.

कोठ्यात दोन कामगंध सापळे, म्हणजे पतंगांना वासानं ओढणारे सापळे, पडून होते. पिवळं नरसाळं, वर छत्रीसारखं झाकण, खाली पारदर्शक पिशवी. ऑगस्टमध्ये लावले होते. आतल्या वड्या जुन्या होऊन त्यांचा वास संपला आणि नंतर कोणी बदलल्या नाहीत. मी ताज्या वड्या आणल्या होत्या. वडी म्हणजे रबराची लहानशा टोपणाएवढी गोळी. माणसाच्या नाकाला तिचा काहीच वास येत नाही. आठवीतली भाची पूर्वा हातात पिशवी चढवून वडी बसवायला पुढे आली, कारण हाताचा घाम किंवा तंबाखू वडीला लागू नये. संध्याकाळी आम्ही एक सापळा बांधाकडे आणि एक विहिरीकडे, पऱ्हाटीच्या शेंड्याच्या वीतभर वर राहील असा, काठीला बांधला.

दुसरा दिवस : भाऊबीज

सहाला उठून वावरात गेलो. दव इतकं होतं की गुडघ्यापर्यंत पॅन्ट ओली झाली. बांधाकडच्या पिशवीत सहा, विहिरीकडच्या पिशवीत चार. पूर्वानं दोन्ही आकडे जुन्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून वेगवेगळे लिहिले.

एक पतंग काचेच्या डबीत घेतला आणि बांधावर बसून भिंगाखाली धरला.

पहिली गोष्ट, तो लहान आहे. पंख पसरले तर दीड-दोन सेंटिमीटर, मिटून बसला तर करंगळीच्या नखाएवढा. मिटलेले पंख अंगाला असे चिकटून असतात, की वाळलेल्या गवताची काडी पडलीय असं वाटावं. रंग मातकट, करडा तपकिरी, त्यावर काळसर डाग आणि अस्पष्ट पट्टे. आमच्या काळ्या जमिनीवर पडलेल्या वाळक्या पात्यासारखा. मागचे पंख मात्र वेगळे. चांदीसारखे करडे, आणि कडेला लांब केसांची झालर. इतकी लांब, की पंख कुठे संपतो आणि झालर कुठे सुरू होते ते पटकन कळत नाही. तोंडापुढून दोन बाक असलेले अवयव डोक्यावरून वर वळलेले, बैलाच्या शिंगांसारखे. आणि स्पर्शिकेच्या अगदी बुडाशी पाच-सहा राठ केसांची एक ओळ. हीच त्याची खूण. या ओळीवरूनच त्याच्या प्रजातीला ‘पेक्टिनोफोरा’, म्हणजे फणी बाळगणारा, असं नाव मिळालं. पुढचं ‘गॉसिपिएला’ हे कापसाच्या शास्त्रीय नावावरून. कापसातला फणीवाला, असं आम्ही त्याचं मराठी केलं. पूर्वाला ते फार आवडलं. तिनं भिंगातून ती फणी पाहिली आणि बराच वेळ डबी परत दिली नाही.

हे नाव मुळात आपल्याच कापसावरून पडलं आहे. १८४२ मध्ये भडोचच्या कापसात हा किडा सापडला आणि त्या नमुन्यांवरून १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज अभ्यासकानं त्याचं पहिलं वर्णन छापलं. तिथून पुढे तो जगातल्या बहुतेक कापूस पिकवणाऱ्या देशांत पोचला, मुख्यतः सरकीत लपून.

दुपारी त्याचं दिवसाचं घर शोधायला गेलो. पानं उलटली, फुलांत पाहिलं, तुरीच्या तासांत पाहिलं. दोन तासांत काही नाही. शेवटी पऱ्हाटीच्या बुडाशी, गळलेल्या पानांखाली जमिनीला जी भेग पडते तिच्या तोंडाशी एक दिसला. डिवचला तर उडाला नाही. सरपटत आत गेला. दिवसभर हे असे पाचोळ्यात, ढेकळांच्या फटीत बसून काढतात. पंख असूनही त्याचा दिवस मातीलगतच जातो, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ओवाळणं झालं. ताईनं सांबारवडी केली होती. (पुण्यात सांबार म्हटलं की इडलीबरोबरचं समजतात. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) आभाळात बीजेची कोर होती, तीही लवकर मावळली. पतंग पाहायला अमावास्येच्या आसपासच्या रात्रींसारख्या रात्री नाहीत. अंगणात दोरीवर चादर टांगली, पुढे दिवा लावला. तासाभरात चादर भरली. हिरवे तुडतुडे, एक मोठा पतंग, आणि आठच्या सुमारास एक लहानसा देखणा पतंग. पांढुरक्या पंखांवर मधोमध हिरवी पाचर ठोकल्यासारखा पट्टा. ही ठिपक्यांची बोंडअळी, पंख फुटलेली. ताईच्या परसात भेंडी आहे, तिथूनच आली असणार. आजूबाजूची पोरं जमली आणि तिलाच सगळ्यांनी ‘भारी’ म्हटलं. आमचा फणीवाला नऊ वाजेपर्यंत एकही आला नाही.

तो येतो उशिरा. म्हणून रात्री एकला भाऊजींबरोबर जागलीला गेलो. रोही आणि रानडुकरं उभ्या पिकात शिरतात, त्यामुळे एकाआड एक रात्र ते मचाणावर काढतातच. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद गुंडाळला होता. उजेडानं पतंग बिचकू नयेत म्हणून. पूर्वा हट्टानं आली आणि मचाणावर चढताच झोपली.

दोन वाजले तरी सापळ्याभोवती काही नाही. गारठा वाढला. भाऊजींनी बिडी काढली, मी नको म्हटलं, त्यांनी परत खिशात ठेवली. अडीचच्या सुमारास पहिला आला. वाऱ्याच्या खालच्या अंगानं, पऱ्हाटीच्या शेंड्यांना लागून, डावीकडे उजवीकडे झोके घेत. वासाची धार सापडली की सरळ, हरवली की पुन्हा आडवा. सापळ्याशी आल्यावर झाकणाखाली दोन-तीन घिरट्या मारल्या, नरसाळ्याच्या काठावर आपटला आणि खाली पिशवीत. मग दुसरा. मग एकदम दोन. भाऊजी पुढे वाकून पाहत राहिले.

“हे सारे नर होत?”

सारे नर. मादी मध्यरात्रीनंतर पानावर बसून पोटाच्या टोकातून वास सोडते आणि नर त्या वासावर येतात. तो वास दोन जवळजवळ सारख्या रसायनांच्या समसमान मिश्रणाचा असतो. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते मिश्रण ओळखलं, त्याला गॉसिप्ल्युर नाव दिलं. रबराच्या वडीत तेच भरलेलं असतं. दुसऱ्या जाती सहसा त्याकडे वळत नाहीत. म्हणून या पिशवीत जे पडतं ते बहुतेक हेच पाखरू असतं. हाच वास सगळ्या वावरभर पसरवून ठेवला तर नराला मादी सापडतच नाही, असाही उपाय आहे. त्याच्या दोऱ्या झाडांना बांधतात.

“म्हणजे अयीच्या आंधी यालेच फसवाचं,” भाऊजी म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसले. पहाटे साडेचारनंतर येणं थांबलं.

तिसरा दिवस

बांधाकडे नऊ, विहिरीकडे आठ.

पूर्वानं वहीत लिहिलं आणि मी तिला एक आकडा सांगितला. एका सापळ्यात एका रात्रीत आठ पतंग, असं लागोपाठ तीन रात्री झालं, तर ती आर्थिक नुकसानीची पातळी समजतात. म्हणजे आता काहीतरी करायची वेळ आली. पहिल्या रात्रीचे सहा आणि चार त्या पातळीखाली होते. ही पहिली रात्र वर गेलेली.

दुसरी खात्री बोंडं फोडून करतात. वावरात तिरपं फिरत वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडली. बाहेरून सगळी सारखी, टणक, निरोगी. यातच या किड्याचं सगळं बळ आहे. मादी अर्ध्या मिलिमीटरचं अंडं बोंडाच्या देठाशी, हिरव्या पाकळ्यांच्या आड ठेवते. एकेकटं, किंवा चार-पाच. अंडं आधी मोत्यासारखं पांढरं, फुटायच्या आधी तांबूस. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि तास-दोन तासांत बोंडात शिरते. शिरल्याची जागा बोंड वाढता वाढता बुजून जाते. आत ती कापूस कुरतडत सरकीपर्यंत पोचते आणि सरकी खाते. दोन आठवड्यांच्या आसपास तिचं खाणं चालतं. मग बोंडाला गोल भोक पाडून बाहेर येते, मातीत पडते, पाचोळ्यात कोष करते, आणि आठवडा-दहा दिवसांनी पतंग. मोठ्या मादीची अंडी शंभराच्या वर जातात.

ओसरीत बसून विळ्यानं बोंडं चिरली. पहिली पाच स्वच्छ. सहाव्यात पाकळीच्या आतल्या भिंतीवर बारीक फोडासारखी खूण, कापसात पिवळट वाट, आणि सरकीत तोंड खुपसलेली अळी. तपकिरी डोकं, अंगावर गुलाबी पट्टे. वीस बोंडांत तिघींचा मुक्काम निघाला. दहा टक्के, म्हणजे वीसात दोन, ही पातळी. इथे तीन.

फुलांमध्येही आहे का, ते मावशींनी दाखवलं. भिंग नाही, चष्माही नीट नाही, पण तासातून चालता चालता त्यांचा हात अचूक त्या फुलावर जायचा. “हे पाहाय. डोमकयी.” इतर फुलं उमललेली, ही गुलाबाच्या कळीसारखी आवळलेली. आत अळीनं पाकळ्या धाग्यानं शिवून घेतलेल्या असतात, म्हणून फूल उघडत नाही. मावशी अशा डोमकळ्या ओट्यात जमा करतात आणि घरी नेऊन चुलीत टाकतात. त्यांना कोणी शिकवलं नाही. अळी बोंडात शिरायच्या आधी हाताला लागते ती इथेच, हे त्यांनी पाहून ठेवलं.

दुपारी चहाला २०१७ चा विषय निघाला. तो काढावा लागत नाही, या भागात तो निघतोच.

२००२ साली बीटी कापूस आला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं. अळीनं बोंड खाल्लं की मरायची. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. भाऊजी सांगतात, त्या वर्षांत आम्ही गुलाबी अळी विसरलोच होतो, फवारणी एकदम खाली आली होती. मग गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला न जुमानणारी अळी सापडली आणि २०१० मध्ये ते जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या जनुकाचाही धाक गेला. २०१७ च्या हंगामात विदर्भात वावरंच्या वावरं गेली. फुटलेल्या बोंडातून पांढरा कापूस यायच्या ऐवजी पिवळी, डागाळलेली, घट्ट झालेली कवडी हातात आली. बीटी आहे म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं आठ-आठ दिवसांनी फवारायला लागली, पण औषध बोंडावर आणि अळी बोंडात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. भाऊजींनी त्या वर्षी दोन एकर उभी पऱ्हाटी नांगरली. ताईनं ते मला तेव्हा फोनवर सांगितलं नव्हतं. आज, आठ पावसाळे उलटल्यावर, भाकरी थापता थापता सांगितलं.

असं का झालं, याचं उत्तर मला पतंगाशिवाय सांगताच येत नाही. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, बिगर बीटी सरकीचं. ते वावराच्या कडेनं पेरायचं होतं. तिथे वाढलेल्या अळ्या बीटीला बळी पडणाऱ्याच राहतात. त्यांचे पतंग होतात, आणि बीटीतून एखादी चिवट अळी वाचून पतंग झालीच तर तिला जोडीदार त्या साध्या पतंगांमधला मिळतो. पिढी पुन्हा साधी होण्याकडे झुकते. पाकीट पेरलं नाही तर चिवटाला चिवटच भेटतो.

“आमी ते पाकीट बांधावरच फेकून देत होतो,” भाऊजी म्हणाले. “कोणी असं सांगतलंच नाही ना, का हे त्याच्या लग्नासाठी आहे.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, हळहळ होती. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, मी शिकलेला होतो आणि मला किड्यांचं वेड होतं. पण माझे किडे जंगलातले होते. घरच्या वावरातला किडा मला पाहण्याजोगा वाटला नव्हता.

त्यात या पतंगाची एक सवय त्याला भोवणारी आहे, आणि तिचा फायदा माणसाला घेता येतो. अमेरिकन बोंडअळी हरभरा, तूर, टोमॅटो, काहीही खाते. याचं पोट कापसावर आणि फार तर भेंडी-जास्वंदीच्या भावकीवर. कापूस संपला की त्याचं घर संपलं. म्हणून दिवस लहान आणि रात्री थंड झाल्या की शेवटच्या पिढीची अळी कोष न करता सरकीत, वाळल्या बोंडात गुडूप होते आणि महिनोन् महिने तशीच पडून राहते. उन्हाळा सरता सरता पतंग निघतात. त्या वेळी पात्या-फुलं असलेली पऱ्हाटी मिळाली तर साखळी पुढे चालते. नाही मिळाली तर अंडी घालायला जागा न मिळून ते थोड्याच दिवसांत मरून जातात. मे महिन्यात कापूस लावू नका, जूनपर्यंत थांबा, असं जे कृषी खातं सांगतं त्याचं कारण इतकं साधं आहे. आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी राखून काढलेलं पीक, घेऊ नका, असं सांगतात त्याचंही हेच.

फरदडीवर मात्र घरात दोन मतं आहेत. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी मार्चपर्यंत ठेवली तर दोन-तीन क्विंटल आणखी निघतं. ताईला ते पैसे पाहिजेत. पूर्वाच्या शिकवणीची फी त्यातून जाते. या घराला मी ‘फरदड घेऊ नका’ असं पुण्याहून येऊन सांगणं मला बरोबर वाटेना, म्हणून मी गप्प राहिलो.

संध्याकाळी ओसरीतल्या कापसातली मूठभर सरकी वेगळी काढली. एका जागी दोन सरक्या एकमेकींना धाग्यानं चिकटलेल्या सापडल्या. जोड सरकी. नखानं फोडली. आत अळी वळून झोपलेली होती. अशाच जोडसरक्या जिनिंगमध्ये जातात, तिथून पुढच्या गावाला.

चौथा दिवस

अकरा आणि नऊ.

वड्या तीन-चार आठवड्यांनी बदलाव्या लागतात, म्हणून पुढच्या महिन्याची सोय करायला नागपूरला गेलो. कॉटन मार्केटजवळ उतरलो. नाव तेवढं कापसाचं, आज तिथे भाजीपाल्याचा बाजार आहे. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी याच शहरात एम्प्रेस मिल सुरू केली, ती इथल्या भोवतालच्या कापसावर. त्या जागेवर आता मॉल आहे. वर्धा रोडला पांजरीत १९७६ साली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आली ती नागपूरलाच. इतकं सगळं या एका पिकाचं, आणि मला शहरात दिवसभरात कोणाच्या तोंडी कापूस ऐकू आला नाही, एका कृषी केंद्राचं दुकान सोडून. तिथल्या पोरानं सहा वड्या दिल्या आणि म्हणाला, “यंदा लोक वड्या घेऊन राहिले. आंधी फुकट देल्या तरी लावत नव्हते.” ऐकून बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये मनात अमेरिकेचा विचार घोळत होता. तिथे हा पतंग १९१७ मध्ये टेक्सासात दिसला आणि २०१८ मध्ये त्यांनी आपल्या कापसातून तो संपल्याचं जाहीर केलं. बीटी, पऱ्हाटीचा वेळेवर निकाल, वासाचे उपाय, आणि त्याच्या जोडीला कारखान्यात वाढवून वांझ केलेले पतंग विमानातून वावरांवर सोडणं. सापळ्यात पडलेला पतंग आपला की रानातला हे कळावं म्हणून त्या पतंगांना अळी असताना लाल रंग घातलेलं खाणं देत. चिरडला की आतून लाल निघाला तर तो आपला. पण तिथली वावरं शेकडो एकरांची आणि सगळे ठरल्या मुदतीत पीक मोडणारे. आमच्या गावात तीन एकरवाला आणि सात एकरवाला शेजारी आहेत. एकानं पऱ्हाटी उपटली आणि दुसऱ्यानं ठेवली, तर पतंगाला बांध अडवत नाही.

रात्री भाऊजी एकटेच जागलीला गेले. जाताना लाल कागद लावलेला टॉर्च मागून घेतला.

पाचवा दिवस

सकाळी पूर्वाला उठवायला गेलो तर ती अंथरुणात नव्हती. वावराच्या वाटेवरून परत येताना दिसली, हातात वही, पायात चपला नाहीत.

“मामाजी, बांधावर दहा. विहिरीपाशी बारा.”

तिसरी रात्र.

भाऊजी मागून आले. त्यांच्या हातात दोन्ही पिशव्या होत्या. ओसरीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी त्या उलट्या केल्या. करड्या काड्यांसारखे बावीस पतंग. काही अजून फडफडत होते, झालर चमकत होती. मावशी आतून आल्या, खाली बसल्या, कमरेतून वाकून पाहिलं.

“हेच का ते?”

“हेच.”

“इत्तुसं,” मावशी म्हणाल्या. एक उचलला, तळहातावर ठेवला. ठेचला नाही. बोटानं पंख उघडून झालर पाहिली, मग पूर्वाकडून भिंग मागितलं आणि फणी कुठे असते ते विचारलं.

अकराची बस होती. ताईनं डबा बांधून दिला, मावशींनी वातीसाठी निवडलेल्या कापसाची पुडी दिली. भाऊजी मोटारसायकलवरून रस्त्यापर्यंत सोडायला आले. वावराच्या कोपऱ्यावर त्यांनी गाडी थांबवली. दिवाळीचं ऊन पऱ्हाटीवर पडलं होतं. शेंड्याची फुलं नुकतीच उघडत होती, त्यात एक-दोन आवळलेल्या कळ्या मला आता लांबूनही ओळखू येत होत्या.

“डिसेंबरच्या आखरीले उपटतो,” ते म्हणाले. “आंधी शेळ्या सोडतो, उरलेली हिरवी बोंडं खाऊन घेतील. तुमच्या ताईले मी सांगतो. फीचं पाहू, तुरीवर भागते का ते.” मग पलीकडच्या वावराकडे बोट केलं. “पण त्याले पन सांगा लागन. मी उपटली आणि त्यानं ठेवली तं काय फायदा?”

पलीकडच्या वावरात दोन बाया वेचत होत्या. भाऊजींनी गाडी स्टँडवर लावली, बांधावर चढले आणि त्या घरच्या माणसाला नावानं हाक मारली. बसला वीस मिनिटं होती. मीही खाली उतरलो आणि पिशवीतून भिंग काढलं.